मदत हवी आहे: चढाच्या क्रिटेरियममध्ये चौथ्या लॅपलाच ग्रुप सुटला, नेमकं काय चुकतंय?

नमस्कार मंडळी,

सायकलिंगवर धागा पहिल्यांदाच काढतोय. (क्रिटेरियम म्हणजे छोट्या लूपवर फेऱ्या मारायची सायकल रेस.) जरा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही तरी काय सांगणार म्हणून सगळं लिहितो.

मी पर्वरीला राहतो, वय 38, वजन 72 किलो. सायकल साडेआठ किलोची, पुढे 50-34 दातांच्या रिंगा आणि मागे 11-28 दातांची कॅसेट. 2019 ला मिरामारला आयर्नमॅन 70.3 झाली ती रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितली होती, त्यानंतर सायकल घेतली आणि मग सुटलीच नाही. केरीहून चोर्ला घाट महिन्यातून दोनदा तरी चढतो, आमच्या ग्रुपमध्ये घाटात माझ्यापुढे फारसं कोणी नसतं. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जोर, 235 वॉट. यंदा चवथीनंतर पाऊस जरा कमी झाल्यावर मनापासून ट्रेनिंग केलं आणि मागच्या रविवारी पहिल्यांदाच क्रिटेरियममध्ये उतरलो.

कोर्स असा होता. लूप 1.4 किमी, रेस 30 मिनिटं अधिक 3 लॅप्स. स्टार्ट टेकडीवरच्या सपाटीला, तिथून सरळ उतार, उतार संपतो तिथेच उजवीकडे काटकोनात वळण आणि वळल्या वळल्या चढ. चढ 260 मीटर लांब आणि 18 मीटर उंच, म्हणजे साधारण 7 टक्के. वर पोचलं की आणखी दोन वळणं आणि परत स्टार्ट. आम्ही 35 जण होतो.

आता मला न समजलेली गोष्ट. प्रत्येक लॅपला चढावर मी पाच-सहा जणांना मागे टाकत होतो, खरंच टाकत होतो, आणि तरी पुढच्या लॅपला वळणावर आलो की मी परत शेवटच्या दहातच. चौथ्या लॅपला चढाच्या डोक्यावर पुढच्याचं चाक आणि माझं चाक यात दहा मीटर अंतर पडलं आणि ते काही केल्या भरलं नाही. मग एकटाच वाऱ्यात. बाराव्या लॅपला लीडर्स एक लॅप पुढे जाऊन मागून आले आणि मला रेसमधून बाहेर काढण्यात आलं. माझी मुलगी खालच्या वळणावर उभी होती, प्रत्येक लॅपला हात हलवत होती, मी बाहेर आल्यावर तिने विचारलं पप्पा संपली का रेस, आणि मला काही बोलता आलं नाही.

पाच आठवड्यांनी त्याच कोर्सवर परत रेस आहे. वजन कमी करू का? कॅसेट बदलू? चढाचे इंटरव्हल वाढवू? की हा प्रकार माझ्यासाठी नाहीच? प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

मडगावचा चक्रधर

माझ्या मते 11-32 लावून टाक आणि तीन किलो कमी कर. 18 मीटर गुणिले 15 लॅप्स म्हणजे 270 मीटर चढ होतो, वजनाचा फरक पडणारच.

फोंड्याची जुनी चेन

चक्रधर, इथे मी सहमत नाही. घाटासाठी तुझा सल्ला बरोबर आहे, पण हा घाट नाही.

हिशोब करून बघू. धागाकर्ता आणि सायकल मिळून साडेऐंशी किलो. 18 मीटर चढ 40 सेकंदात जायचा म्हणजे नुसतं वजन वर न्यायलाच 355 वॉट लागतात, वारा आणि टायरचं धरून 430 च्या आसपास. तीन किलो कमी केले तर 14-15 वॉट वाचतील, ठीक आहे, पण पाच आठवड्यांत तीन किलो उतरवताना पायातली ताकदही जाईल. आणि कॅसेटचं म्हणशील तर या चढावर वेग ताशी 23 च्या आसपास, 50-25 ला कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 90 येतो. म्हणजे 28 सुद्धा लागत नाही, 32 घेऊन काय करणार?

भाऊ, तू चढावर सहा जणांना मागे टाकतोयस म्हणजे पाय आहेत. मग ते सहा जण तुझ्यापुढे परत कुठे जातात ते शोध. उत्तर तिथेच आहे.

धागाकर्ता

दादा, हिशोबाबद्दल खूप आभार. ते पुढे जातात ते उतारावर आणि खालच्या वळणावर. मी तिथे ब्रेक लावतो. खरं सांगायचं तर वळणाला मी घाबरतो. दोन वर्षांपूर्वी डिचोलीकडे चिऱ्याच्या तांबड्या मातीवरून पुढचं चाक सरकलं होतं, खांदा सहा आठवडे बांधलेला होता. या वळणाच्या आतल्या बाजूलाही तसलीच माती पसरलेली होती.

बांबोळीची सायकलताई

थांब, तू आत्ता जे लिहिलंस ना, तेच तुझं उत्तर आहे, फक्त तू त्याला साईडची गोष्ट समजतोयस.

मी या असल्या चढाच्या क्रिटेरियममध्ये बऱ्याचदा धावलेय, बायकांची संख्या कमी असली की आम्हाला पुरुषांच्या ग्रुपबरोबरच सोडतात, त्यामुळे माझ्यापेक्षा वीस किलो जड माणसांबरोबर त्यांच्या वेगाने टिकायचं कसं हे मला शिकावंच लागलं. पहिल्या दोन रेसमध्ये माझंही अगदी असंच झालं होतं आणि मीही चढालाच दोष देत बसले होते.

35 जण एका काटकोनी वळणावर येतात तेव्हा काय होतं ते नीट बघ. पहिले पाच-सहा जण आपली लाइन घेऊन 35 च्या स्पीडने वळतात. त्यांच्या मागचे थोडे दबतात, त्यांच्या मागचे आणखी, आणि शेवटचे दहा जण जवळजवळ 20 वर येतात. बाजाच्या पेटीचा भाता कसा मिटतो आणि उघडतो, तसं. आता पुढचे चढाला लागले 35 ने आणि तू लागलास 20 ने. तो वेग पाच सेकंदांत परत मिळवायचा तर नुसत्या तेवढ्यासाठीच 500 वॉट जातात, आणि वर चढ तर आहेच. पुढच्या माणसाला हा खर्चच नाही. तू पंधरा वेळा स्प्रिंट मारतोयस आणि तो पंधरा वेळा फक्त चढ चढतोय. चौथ्या लॅपला तुझे पाय गेले यात तुझ्या पायांचा काही दोष नाही, उलट चार लॅप टिकलास हे मला विशेष वाटलं.

आणि चढावर सहा जणांना मागे टाकून मिळवलंस काय? वर जाऊन दोन वळणं आणि उतार, तिथे तू परत ब्रेक लावलास आणि ते सहाही जण फुकटात पुढे गेले. ती मेहनत वाया गेली बघ.

म्हणून उलटं कर. उतारावर, वळणाच्या आधी पुढे जा. पहिल्या आठात राहून वळ. मग चढावर हवं तर हळू जा, लोकांना पुढे जाऊ दे, वर पोचेपर्यंत विसावा-पंचविसावा झालास तरी चालेल, फक्त शेवटच्या चाकाच्या मागे राहू नकोस. 35 जणांचा ग्रुप चढावर चाळीसेक मीटर लांब असतो, तेवढी तुझी ठेव आहे, ती प्रत्येक लॅपला थोडी थोडी खर्च करायची आणि उतारावर परत भरायची.

फोंड्याची जुनी चेन

ताईंचं अगदी बरोबर. त्यांच्याच बोलण्याला आकडा लावतो: तोच चढ 40 ऐवजी 45 सेकंदात गेलास तर 430 चे 375 वॉट होतात. प्रत्येक लॅपला 50-55 वॉट कमी आणि तरी ग्रुपमध्येच. तीन किलो वजन उतरवून याच्या पावपटच मिळत होतं.

मडगावचा चक्रधर

मान्य. मी घाटाच्या डोक्याने विचार करत होतो.

अवांतर: अमेरिकेत आयोवा राज्यात बर्लिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे स्नेक अ‍ॅली नावाची 1894 सालची विटांची नागमोडी गल्ली आहे, 275 फूट लांब आणि 58 फूट चढ, आणि तिथे 1983 पासून क्रिटेरियम होते. 58 फूट म्हणजे साडेसतरा मीटर, म्हणजे धागाकर्त्याच्या टेकडीएवढाच चढ, फक्त एक तृतीयांश लांबीत! गल्ली इतकी अरुंद की मागून आलेल्याला पुढे जाणं अवघड, त्यामुळे तिथे पहिल्या लॅपला गल्लीच्या तोंडाशी कोण आधी पोचतो यावर बरंच काही ठरतं. ताई म्हणतायत तेच तत्त्व.

धागाकर्ता

ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. घाटात आणि एकट्याच्या लांब राइडमध्ये मी जे शिकलो ते सगळं इथे उलटं आहे. आमच्या ग्रुपातले बहुतेक जण ट्रायथलॉनवाले, तिथे बहुतेक रेसमध्ये ड्राफ्ट घेतला, म्हणजे दुसऱ्याच्या मागे वाऱ्याआड राहिलं, तर पेनल्टी, त्यामुळे मला चाकाला चाक लावून चालवायची सवयच नाही. डोक्याने सगळं पटलं, पण त्या वळणावर पहिल्या आठात 35 च्या स्पीडने वळायचं या विचाराने आत्तासुद्धा हाताला घाम आलाय. ते कसं शिकायचं?

बांबोळीची सायकलताई

भीती वाटणं बरोबरच आहे, एकदा खांदा बांधून घेतलेल्या माणसाला ती वाटणारच. ती जबरदस्तीने दाबू नकोस, वळण शिक, मग ती आपोआप कमी होते.

हात खाली ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागात, ठेव. वरून हुड्सवर (ब्रेकच्या वरच्या मुठींवर) हात ठेवून ब्रेक धरला की ब्रेकला जोर कमी मिळतो आणि वजनही वर राहतं. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. एकदा सायकल झुकवली की पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तुझं चाक त्या दिवशी बहुतेक तिथेच सरकलं असणार. उजवं वळण म्हणजे उजवा पेडल वर, डावा पाय खाली आणि सगळं वजन त्या डाव्या पायावर, सीटवर नाही. नजर वळणाच्या पलीकडे, चढाच्या सुरुवातीला. खड्ड्याकडे किंवा मातीकडे बघितलंस तर सायकल तिकडेच जाते. आणि गिअर उतारावरच बदलून ठेव, पुढची रिंग 50 वरच असू दे आणि मागे एक-दोन गिअर सोपे, वळून झाल्यावर जोर लावताना पुढची चेन 34 वर टाकायला गेलास तर चेन पडायची शक्यता जास्त. चेन पडली तर बहुतेक ठिकाणी फुकटची लॅप (एक लॅप थांबून ग्रुपमध्ये परत शिरायची सवलत) मिळत नाही, ती पंक्चर आणि अपघातासाठी असते आणि शेवटच्या काही लॅप्सना तीही नसते. आयोजकांना आधीच विचारून ठेव.

मातीबद्दल: आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन झाडू मार. मी गंमत करत नाहीये. आम्ही चौघी झाडू घेऊन जातो, दहा मिनिटांचं काम. कोणी काही बोलत नाही, उलट आयोजक पाणी आणून देतात. टायर कोणते आहेत? प्रेशर किती होतं?

धागाकर्ता

25 मिमीचे, 110 पीएसआय. दुकानात तेवढंच भरून दिलं होतं.

बांबोळीची सायकलताई

अरे बापरे. आपल्या रस्त्यांवर, 72 किलोला? टायर उड्या मारतो तेवढ्यात, धरतच नाही. फ्रेममध्ये बसत असतील तर 28 चे घाल आणि 75-80 ठेव. 25 च ठेवायचे तर 90 च्या खाली आण. पहिल्याच वळणात फरक कळेल.

म्हापशाचा लॅपकाउंटर

एक भर घालतो. चोर्ल्यासारखे लांब एकसारखे चढ पाच आठवडे बाजूला ठेव. 40 सेकंद 400 वॉटच्या वर आणि मग 100 सेकंद विश्रांती न घेता 180-200 वर चालवत राहायचं, असे आठ, मधे दहा मिनिटं सोपं, परत आठ. लॅप तुझी अडीच मिनिटांची आहे त्यामुळे शरीराला तोच ताल कळतो. जागा म्हणशील तर पणजीच्या अल्तिनो टेकडीवर पहाटे गाड्या नसतात, चढही आखूड आहेत. आठवड्यातून दोनदाच कर, त्याहून जास्त नको. आणि रेसच्या आधी अर्धा तास वॉर्मअप, त्यात तीन-चार जोरदार स्प्रिंट. क्रिटेरियममध्ये पहिलीच लॅप बऱ्याचदा फार फास्ट असते, थंड पायांनी उभा राहिलास तर तिथेच मागे पडतोस.

खाणं: अडीच तास आधी उकड्या तांदळाची पेज आणि एखादं साळदाटी केळं. सकाळी भाजी-पाव खाऊन येणारे बरेच बघितलेत, तिसऱ्या लॅपला पोट धरतात. आपल्याकडच्या दमटपणात घाम सुकत नाही, त्यामुळे आदल्या संध्याकाळपासूनच मीठ-साखर-लिंबाचं पाणी घेत राहा.

धागाकर्ता

सगळ्यांना देव बरें करूं. दहा दिवसांनी धागा वर काढतोय.

28 चे टायर बसले, 78 ठेवलेत. आम्ही चार जण सकाळी सहाला जाऊन एका रिकाम्या कॉलनीच्या वळणावर चाळीस-चाळीस वेळा वळलो, आधी एकेकटे, मग दोघं बाजूबाजूला. वळणाच्या 60 मीटर आधी रस्त्यावर खडूने रेघ मारली, त्या रेघेपर्यंत ब्रेक संपलेला असायला हवा असा नियम केला. पहिल्या दिवशी 24 ने वळत होतो, काल 33 ने वळलो आणि वळून झाल्यावर लक्षात आलं की मी ब्रेक लावलाच नव्हता. मुलगीही आली होती, तिने खडू धरला होता.

फक्त एक अडचण राहिलीय. चौघांत वळण जमतंय, पण आजूबाजूला पंधरा-वीस जण असतील आणि आत कोणी घुसलं तर काय करायचं? माझी लाइन सोडू की धरून ठेवू?

बांबोळीची सायकलताई

लाइन धरून ठेव. तू अचानक हललास तर मागचा पडतो, आणि एक पडला की पाच पडतात. तुझं पुढचं चाक कुणाच्या मागच्या चाकाच्या बाजूला अडकू देऊ नकोस, एवढं एकच सांभाळ. आत घुसणाऱ्याला हाक मार, नुसतं "आत, आत" म्हटलं तरी कळतं.

पण हे लिहून जमणार नाही. या रविवारी सहाला आम्ही बारा-तेरा जण बांबोळीला भेटतोय, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) पुढे, चारही जण या. मुलीलाही आण. आमच्याकडे लॅपची घंटा वाजवायला कोणी नाहीये.