‘रोख प्रवाह’ म्हणजे नेमकं काय?

धंद्याचा आराखडा लिहितेय. कॅश फ्लो स्टेटमेंटला ‘रोख प्रवाह विवरणपत्र’ म्हणतात, पण ते वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. सरळ ‘जमाखर्च’ लिहिलं तर?

– घरच्या हिशेबात चालेल, धंद्यात घोळ होईल. समजा, महिन्यात 100ची विक्री झाली, त्यातली 60 उधारीवर. खर्च 80, तो सगळा रोखीने दिला. नफा-तोटा पत्रक 20 नफा दाखवणार आणि गल्ल्यातून मात्र 40 कमी झालेले असणार. घसाऱ्याचं (वापराने यंत्रसामानाची घटणारी किंमत) उलट: खर्चात दिसतो, पण त्यापायी पैसा बाहेर जात नाही. कर्जाचं मुद्दल फेडलं तर पैसा जातो, पण तो खर्च नव्हे. पैसा खरोखर कधी आला, कधी गेला, एवढंच सांगणारा कागद तो हा.

– मग ‘आवक-जावक’?

– ते ऐकलं की टपालाची वही आठवते. माझं मत ‘रोकड’ला. ‘रोख’ला अर्थ फार: बोलण्याचा रोख वेगळा, गुंतवणुकीचे रोखे वेगळे. शिवाय ‘रोख प्रवाह’ हे कुणी आज्ञार्थी वाचलं तर प्रवाह अडवायलाच सांगितल्यासारखं! (उधारी थकली की तसंही होतंच.)

– ‘रोकड’ म्हणजे हातातल्या नोटा वाटतात ना? बँकेतल्या शिल्लकेचं काय?

– तीही धरायची. आंतरराष्ट्रीय लेखामानक 7 मध्ये (हे पत्रक कसं मांडायचं त्याचे नियम) तर साधारण तीन महिन्यांच्या आत वटणारी, किंमत फारशी न हलणारी गुंतवणूकही रोखीसमान मानतात. त्याच मानकात या पत्रकाचे तीन कप्पे आहेत: रोजचा धंदा, गुंतवणूक आणि भांडवल-कर्ज. यंत्र घेतलं तर दुसऱ्यात, कर्ज मिळालं तर तिसऱ्यात. कर्जाच्या पैशाने शिल्लक फुगली म्हणून धंदा चालला असं होत नाही. पहिला कप्पा आधी बघा.

– मी पुढच्या बारा महिन्यांचं मांडतेय.

– मग ‘विवरणपत्र’ नकोच, ते झालेल्या व्यवहारांचं. तुमचा तो ‘रोकड अंदाज’. आरंभीची शिल्लक, अधिक आलेले, वजा गेलेले, ही अखेरची शिल्लक. तीच पुढच्या महिन्याच्या डोक्यावर. उधारीची विक्री मात्र वसुली ज्या महिन्यात होईल त्या महिन्यात लिहा. एखाद्या महिन्याची अखेर उणे आली, तर तेवढ्या पैशांची सोय त्याआधी करावी लागेल.