मदत हवी आहे: ज्युदो क्लासमध्ये गावातल्या बायकांसाठी स्वसंरक्षण शिबिर कधी आणि कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात माझा ज्युदोचा छोटा क्लास आहे. जागा देवळाच्या धर्मशाळेची. खाली शहाबादी फरशी, वर एकमेकांत अडकणाऱ्या, मीटर बाय मीटरच्या ६० मॅट, ४० मिमी जाडीच्या. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान, म्हणजे ज्युदोची पहिली शाळा, सुरू केली तीही देवळातच, १२ चटयांच्या खोलीत. त्यामुळे जागेबद्दल मी कुरकुर करत नाही.

गेल्या जुलैत एक दिवसाचं मोफत शिबिर ठेवलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मासळीवाल्या मोकळ्या, असा माझा हिशोब. शेजारची आजी म्हणाली होती, "मास्तरानू, पावसात कोण येतला?" आल्या मात्र सत्तरेक जणी! पाय ओले, छत्र्या दारात, फरशीला ओल सुटलेली. अर्ध्या तासात कडेच्या मॅट सरकायला लागल्या आणि एका मुलीचं मनगट मुरगळलं. तिथे थांबवलं. बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकांनी तोवर अकरा पेच दाखवले होते. पंधरा दिवसांनी विचारलं तर एकही कुणाला आठवेना. माणूस चांगला, पण तो शिकवत होता ट्रॅकपँटवाल्यांना. समोर साड्या, गाऊन आणि हातभर काचेच्या बांगड्या.

खरी अडचण या बांगड्यांचीच. पडायचा सराव, म्हणजे उकेमी, करताना हात मॅटवर आपटावा लागतो, त्यानेच धक्का विखुरतो. चुडा घालून आपटणार कसं? "काढून ठेवा" म्हटल्यावर तिघी सरळ कडेला जाऊन बसल्या. मोकळ्या हाताने बसायचं नाही म्हणजे नाही, तिथे मी काय वाद घालणार? शेवटी एकीने बांगड्या वर सरकवून त्यावर जुन्या ओढणीची पट्टी करकचून गुंडाळली आणि मंगळसूत्र ब्लाउजमध्ये खोचलं. तरी काच ती काच. मला दिवसभर धाकधूक.

दुसरा घोळ वेळेचा. मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायच्या, जून-जुलैत लावणी, पुढे गणपती, मग कापणी. मोकळा आठवडा सापडतच नाही. फी ठेवावी का, हेही सांगा. मागच्या वेळी फुकट म्हणून निम्म्या जणी नुसत्या बघायला आल्या होत्या.

प्रतिसाद १
बांगड्या असतील तर उभ्याने पाडूच नका. बसल्या जागेवरून मागे लोळायला शिकवा: हनुवटी छातीला, दोन्ही हात छातीवर घडी करून. डोकं आपटत नाही आणि हातही आपटावे लागत नाहीत. ६० मॅटवर १५ जोड्यांच्या वर घेऊ नका, सत्तर जणी म्हणजे तीन तुकड्या. आणि अकरा पेच कशाला? मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवणं, ओरडणं, पळणं. एवढंच, पण पन्नास वेळा. शिवाय ११२ नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

प्रतिसाद २
हॉलवर बोलावण्याआधी बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीला जा. तासभर, मॅटशिवाय. तारीखही त्याच ठरवतील, तुम्ही पंचांग चाळत बसू नका. फी वीस-तीस रुपये ठेवा आणि त्याचाच चहा पाजा. आणखी एक: बायका विचारतात, "मारलं तर आपल्यावरच केस होते ना?" त्याचं उत्तर तयार ठेवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पण बचावापुरताच, समोरचा पळत सुटल्यावर बदडायला नाही.

प्रतिसाद ३
सरकण्यावर उपाय: आदल्या दिवशी फरशी पुसून पंखे लावा, दारात गोणपाट आणि कोरडा टॉवेल, पाय पुसल्याशिवाय मॅटवर पाऊल नाही. कडेच्या मॅट भिंतीला भिडवा. शिबिर झालं की सगळ्या उचलून खालची बाजूही सुकवा, नाहीतर बुरशी धरते. नायटा असेल त्या व्यक्तीला त्या दिवशी काठावर बसवा. थोडं वाईट वाटेल, पण मॅटवरून तो सगळ्या क्लासला लागतो.

धागाकर्ता
आभार. काल बचत गटात जाऊन आलो. बसून लोळणं सगळ्यांना जमलं, चुड्यासकट. ओरडण्याच्या सरावात कॉलेजच्या मुली तोंडावर हात घेऊन हसत होत्या. मग बंदरावरच्या लिलावात बोली लावणाऱ्या एका काकूंना पुढे उभं केलं. त्यांनी एकच हाक मारली आणि समोरच्या दुकानातला माणूस धावत बाहेर आला! पुढच्या शिबिराला प्रशिक्षक म्हणून त्याच. तारीख तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात ठरतेय. आता प्रश्न उरला तिसऱ्या तुकडीचा: दोन तास रांगेत थांबणाऱ्या बायकांची पोरं सांभाळायची सोय कुणी केली आहे का?