झोपेतला घाम आणि जागेपणीचा घाम: चिनी वैद्यकाचा भेद कितपत खरा?

ओला रुमाल (धागालेखक):
सिंगापूरला नोकरीस असताना तळहातांच्या घामासाठी मी एका चिनी वैद्यांकडे गेलो होतो. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ बघितली आणि घाम किती येतो हे न विचारता तो जागेपणी येतो की झोपेत, एवढेच विचारले. त्या वैद्यकात ही दोन निराळी दुखणी आहेत. झोपेत फुटून जाग येताच ओसरणाऱ्या घामाला ‘दाओहान’, म्हणजे चोरघाम म्हणतात. विशेष श्रम न करता दिवसा फुटणारा घाम हे त्वचेची छिद्रे उघडणारी-मिटणारी रक्षक ‘ची’ (शरीरातली जीवनशक्ती) दुबळी झाल्याचे लक्षण मानले जाते आणि त्यावर हुआंगची, बायझू व फांगफंग या तीन वनस्पतींचे चूर्ण देतात. चोरघामात मात्र यिन, म्हणजे शरीराला थंडावा व ओलावा देणारे तत्त्व, घटून आतली उष्णता वाढलेली असते, म्हणून ती शमवणारी औषधे देतात. सरसकट सगळ्यांच्या हाती घाम रोखणाऱ्या अॅल्युमिनियम क्लोराइडची बाटली देण्यापेक्षा ही रीत मला अधिक विचारी वाटते.

पडछाया:
आपला निष्कर्ष मला मान्य नाही. झोपेतल्या घामाची चौकशी त्वचारोगतज्ज्ञही करतात, कारण तळहात, तळपाय आणि काखांचा जन्मजात प्रवृत्तीचा अतिघाम झोपेत सहसा थांबतो. रात्री कपडे भिजत असतील तर क्षयरोग, थायरॉइडचा अतिरेक किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. प्रश्न एकच असला, तरी एकीकडे त्यातून छातीचा एक्स-रे निघतो आणि दुसरीकडे यिन वाढवणारा काढा. क्षयाचा रुग्ण काढ्यावर दोन महिने थांबला, तर ‘चोरघाम’ या नावाचे सौंदर्य त्याच्या काय कामाचे?

जुनी वही:
चिनी परंपरेत तरी या भेदावर एकमत कुठे होते? वांग छिंगरन या चिनी वैद्यांनी 1830 च्या आपल्या ग्रंथात लिहिले की ची भरून काढणारी किंवा यिन पोसणारी औषधे देऊनही घाम थांबत नाही, उलट वाढतो, अशा वेळी साकळलेले रक्त हेही दिवसाच्या व रात्रीच्या, दोन्ही घामांचे कारण असू शकते. म्हणजे परंपरेतल्याच एका वैद्याने अनुभवावरून हा भेद सैल केला होता. दुसरीकडे, माहुआंग या झुडपाची खोडे घाम आणण्यासाठी आणि त्याचेच मूळ घाम रोखण्यासाठी वापरण्याइतके बारीक निरीक्षणही तिथे आहे, त्यामुळे सगळेच मोडीत काढणे मला पटत नाही.

पडछाया:
निरीक्षण बारीक असले म्हणून त्याचा अर्थ बरोबर लागलाच असे होत नाही. चिनी वैद्यक घामाला हृदयाचा द्रव म्हणते आणि आपला आयुर्वेद त्याला मेदाचा मल म्हणतो. दोघेही नाडी बघतात. यातले कोणते खरे मानायचे? तळहातांच्या घर्मग्रंथींना अॅसिटिलकोलीन या द्रव्याद्वारे निरोप देणाऱ्या मज्जातंतूंचा मार्ग ठाऊक आहे, आणि तो निरोप अडवणारे बोटॉक्सचे इंजेक्शन काखेच्या घामावर चालते. शिवाय, ओला रुमाल, आपले तळहात कोरडे झाले का, हे आपण लिहिलेलेच नाही.

ओला रुमाल:
रात्री कपडे भिजत असतील तर आधी तपासण्या व्हाव्यात, हे मला मान्य आहे; ते मूळ लेखात लिहायला हवे होते. मला स्वतःला झोपेत कधीच घाम येत नसे, म्हणजे दोन्ही शास्त्रांच्या लेखी मी दिवसाच्याच खात्यात मोडतो. सहा आठवडे चूर्ण घेतल्यावर कागदावर उमटणारा ओला ठसा थोडा फिका झाला, पण त्याच काळात मी दिवसाची चार कप कॉफीही सोडली होती, त्यामुळे श्रेय कोणाच्या नावावर मांडावे हे मला सांगता येत नाही.