मदत हवी आहे: 'बिफोर' असताना 'हॅड' लावलंच पाहिजे का?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला घरीच दहावीच्या शिकवण्या घेते. मुलं मराठी माध्यमातली, मेहनती आहेत, पण भूतकाळातली दोन वाक्यं जोडायची म्हटलं की अडखळतात. सध्या घोडं अडलंय ते एका गाइडपाशी. त्यात 'द ट्रेन लेफ्ट बिफोर वी रीच्ड पुणे स्टेशन' हे चूक धरलंय, 'हॅड लेफ्ट' तेवढंच बरोबर. आधीच्या क्रियेला पास्ट परफेक्ट, नंतरच्या क्रियेला सिंपल पास्ट, हा नियम आम्हीही घोकलाय. पण इंग्रजी पेपरात 'बिफोर', 'आफ्टर' असताना दोन्हीकडे साधा भूतकाळ सर्रास दिसतो. मग मुलांचे मार्क कापायचे का? माझा तर हात धजत नाही.

दुसरं म्हणजे, 'आय वॉज क्रॉसिंग लकडी पूल ___ इट स्टार्टेड टू रेन' यात एका मुलीने 'व्हाइल' भरलं. चूक कळते, पण तिला पटेल असं कारण कसं सांगू?

प्रतिसाद:

ताई, मार्क अजिबात कापू नका. आधी काय आणि नंतर काय, हे 'बिफोर' आणि 'आफ्टर' स्वतःच सांगतात. तिथे 'हॅड' लावलं तरी बरोबर, नाही लावलं तरी बरोबर. त्याची खरी गरज 'व्हेन'ला. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' म्हणजे आपण पोचलो आणि गाडी डोळ्यांदेखत हलली. 'द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हटलं की फलाट रिकामा! मुलांना सकाळी ७:१५ची डेक्कन क्वीन द्या आणि विचारा, आपण ७:१५ला पोचलो तर काय लिहाल, ७:२०ला पोचलो तर काय? 'हॅड' कुठे लागतं ते त्यांचं त्यांनाच सुचेल. 'बाय द टाइम वी रीच्ड' असेल तर मात्र गाडी आधीच गेलेली, तिथे 'हॅड लेफ्ट'च शिकवा.

'व्हाइल'च्या पाठोपाठ चालू असलेली क्रिया हवी. पूल ओलांडणं बराच वेळ चालतं, पाऊस सुरू होतो एका क्षणात. म्हणून 'व्हाइल आय वॉज क्रॉसिंग' ठीक, पण 'इट स्टार्टेड'च्या आधी 'व्हेन'. 'व्हेन आय वॉज क्रॉसिंग'ही चालतं, तेही चूक देऊ नका.

जाता जाता 'अनटिल'ही तपासा. 'जोपर्यंत तो आला नाही'च्या सवयीने मुलं 'वी वेटेड अनटिल ही डिड नॉट कम' लिहितात. तिथे 'नॉट' नको, नुसतं 'अनटिल ही केम'.