एअरप्लेन : पकड सैल, झटका नको

केंडामा म्हणजे टामा (भोक असलेला लाकडी चेंडू) आणि केन (टोकदार दांडा) दोरीने जोडलेलं जपानी खेळणं. त्यातल्या एअरप्लेन या करामतीत टामा हातात धरून केन झोक्याने उलटवायचा आणि त्याचं टोक टाम्याच्या भोकात बसवायचं. 'टामा मुठीत घट्ट धरा' असा एक सल्ला वाचला, पण तो एअरप्लेनला तरी पटत नाही. दोरी टाम्याच्या मोठ्या भोकासमोरच्या बारीक छिद्रातून खाली निघते. मुठीत धरला की ती बोटांत चेपते आणि केन तिरका येतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, एवढीच पकड पुरते. भोक वर, किंचित आपल्याकडे कललेलं, आणि दोरी मोकळी. घाम आला की चेंडू सटकतो हे खरं (सांगलीचा मे महिना!), पण त्याला उपाय रुमाल.

माझं घोडं अडलं होतं ते केन सोडण्यात. लहानपणी कृष्णेच्या घाटावर भोवरा इतका फिरवलाय की दोरी हातात आली की मनगट आपोआप मागे झटका देतं. भोवऱ्याला तो हवाच. इथे त्याच झटक्याने केन दीड-दोन गिरक्या घेऊन थेट बोटांच्या सांध्यावर बसायचा. आता केन उजव्या हाताने पोटाजवळ धरून नुसता सोडतो, ढकलत नाही. झोका पुढे जाऊन थांबतो त्या क्षणी डावा हात हलकेच वर-मागे, गुडघे थोडे वाकलेले. केन सावकाश उलटतो, टोक दिसतं, मग भोक त्याखाली न्यायचं. तरी दहात चारदाच बसतं म्हणा.