मदत हवी आहे: तोरणमाळला रात्रभर बाहेर राहणाऱ्या प्रेशर पंपाला थंडीपासून कसं वाचवायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं काम शहाद्याहून चालतं. सातपुड्यातल्या आश्रमशाळांच्या पाण्याच्या टाक्या आणि छतावरची सोलर पॅनल धुऊन देतो, मधल्या वेळात गावातल्या जीपाही धुतो. मशीन म्हणजे तीन पिस्टनचा एचटीपी पंप, पितळी हेड, साडेपाच एचपीचं पेट्रोल इंजिन, सगळं ट्रॉलीवर बसवलेलं. खाली शहादा-धुळ्याकडे पंपातलं पाणी गोठेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण डोंगरावरच्या तोरणमाळची गोष्ट वेगळी. तिकडे आणि अक्कलकुव्याच्या डाबकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे.

परवा ट्रॉली मुक्कामाला वरच होती, उघड्यावर. सकाळी गनचा खटका दाबला तर पाणीच नाही. नोझल काढलं तर तोंडाशी बर्फाचा पांढरा खडा. इंजिन सुरू न करता उन्हाची वाट पाहिली. नऊच्या पुढे सगळं मोकळं झालं आणि काम नेहमीसारखं पार पडलं, पण आता पंपाच्या खालून थेंब थेंब पाणी येतंय. आधी येत नव्हतं.

हेडला तडा गेला की नुसतं सील गेलं, हे न खोलता कसं ओळखायचं? आणि पुढच्या मुक्कामाला काय काळजी घ्यावी? एक जण म्हणतो पाण्यात मीठ टाक, दुसरा म्हणतो डिझेल फिरव, तिसरा म्हणतो गाडीचं हिरवं कूलंट भरून ठेव. पोरांच्या प्यायच्या पाण्याच्या टाक्या याच पंपाने धुतो, म्हणून यातलं काहीही विचारल्याशिवाय करायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद (धुळे)

दादा, इंजिन मारलं नाहीत हे फार चांगलं केलंत. आत बर्फ असताना पिस्टन हलला असता तर सिरॅमिक प्लंजर (पाणी ढकलणारा पिस्टनचा गुळगुळीत दांडा) फुटलाच असता.

आधी थेंब कुठून येतो ते बघा. हेड आणि ऑइलची पेटी यांच्या मधल्या फटीतून, खालच्या बाजूने येत असेल तर बहुतेक पॅकिंग सील गेलंय किंवा प्लंजरला चीर आहे. हेडच्या अंगावरून येत असेल तर तडा. हेड कोरड्या फडक्याने नीट पुसा, पंप कमी प्रेशरवर चालवा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. बारीक तडा असेल तर केसासारखी ओली रेघ उमटते. हात मात्र लांब ठेवा, प्रेशरची धार कातडीत घुसते. मग ऑइलची काच बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय, ते बदलल्याशिवाय पंप चालवू नका. पंप बंद असताना गेजचा काटा शून्यावर येतो का तेही पाहा, गोठल्याने गेजसुद्धा बिघडतं.

आता तुमचे तिन्ही सल्ले. मीठ अजिबात नको, पितळ आणि लोखंड दोन्ही खाऊन टाकतं. डिझेलने काही रबरं फुगतात, शिवाय टाकीच्या पाण्याला वास लागतो. हिरव्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड आणि विषारी. सांडलेलं गुराने चाटलं तरी जीव जाऊ शकतो. पिण्याच्या टाक्यांच्या पंपात ते कधीच नको.

एका रात्रीसाठी काही भरायची गरजच नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि फुगायला जागा मिळाली नाही की धातू फोडतं. आत पाणीच नसेल तर फुटायचं काय? म्हणून काम संपलं की फूटव्हॉल्व (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) ड्रममधून बाहेर काढा, प्रेशरचा रेग्युलेटर सैल करा, गनचा खटका दाबून धरा आणि इंजिन कमी रेसवर पाणी थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा सेकंदच चालवा. त्याहून जास्त कोरडं चाललं तर सील जळतात. नंतर इंजिन बंद करून पाइप आणि गन सोडवा, उतारावर टांगा. फिल्टरची वाटी आणि बायपासची (जादा पाणी परत नेणारी) नळी रिकामी करा. लोक नेमकी हीच दोन विसरतात. इंजिन हवेने थंड होणारं आहे, त्याला काही करायला नको.

प्रतिसाद (नंदुरबार)

भाऊ, मशीन मझारनं पानी काढी टाका, मंग झोपा!

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. मोबाईलवर ३-४ अंश दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. निरभ्र रात्री वारा पडला की उघड्या आकाशाखालचा पत्रा, गवत, जीपचा टप भोवतालच्या हवेपेक्षा जास्त थंड होतात. म्हणून पारा शून्यावर नसतानाही दव गोठतं. ट्रॉली शाळेच्या पडवीत लावली तरी मोठा फरक पडतो. नुसती ताडपत्री टाकून आत पाणी ठेवलं तर मात्र भरवसा नाही.

मशीन महिनाभर वरच ठेवायचं असेल तर फूड ग्रेड प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरता येईल. गनमधून ते बाहेर येईपर्यंत पंपाने ओढायचं, म्हणजे सीलही सुकत नाहीत. पुढच्या कामाआधी मात्र साध्या पाण्याने भरपूर धुवा.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आत्ताच फडकं फिरवून पाहिलं. हेड कोरडं आहे, थेंब मधल्या फटीतूनच येतोय आणि ऑइल स्वच्छ आहे. उद्या हेड उतरवतो. तिन्ही सील एकदमच बदलू की गळतंय तेवढंच? आणि सिरॅमिक प्लंजरची चीर डोळ्यांना दिसत नसेल तर ती तपासायची कशी? सोमवारी परत वर जायचंय, शाळेची टाकी अर्धी धुऊन झालीये.

प्रतिसाद (धुळे)

तिन्ही एकदम बदला, खोलायचे कष्ट तेच आहेत. प्लंजर पुसून कोरडा करा, त्यावर पेनाची शाई लावा आणि लगेच पुसून टाका. चीर असेल तर शाई तिच्यात राहते. नखही फिरवून बघा. अडकलं तर तो प्लंजर बदलायचाच, नाहीतर नवीन सील आठवड्यात कापलं जाईल.