कथा-कादंबऱ्या वाचून सामाजिक न्यायाची दृष्टी खरोखर बदलते का?

घोडबंदरवासी (प्रश्न)

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात एक छोटा वाचनगट आहे. मागच्या बैठकीत आम्ही बाबुराव बागूल यांच्या १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातील शीर्षककथा मोठ्याने वाचली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परमुलखात राहायला खोली शोधू लागतो आणि तिथेच जातीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, त्या ठिकाणी वाचणाऱ्या काकूंचा आवाज दाटून आला आणि त्यांनी पुस्तक शेजारच्यांच्या हाती दिले. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा झाली. भाडेकरूला ना-हरकत देण्यापूर्वी ‘लोक कोणत्या प्रकारचे आहेत’ याची चौकशी व्हावी आणि घरकामाला येणाऱ्या बायकांनी सामानाचीच लिफ्ट वापरावी, असे दोन ठराव आले. वाचनगटातील बहुतेक मंडळी हजर असूनही दोन्ही ठराव चर्चेविना मंजूर झाले.

ललित वाचनाने न्यायबुद्धी जागी होते, असे आपण सरसकट म्हणतो. त्याला काही आधार आहे, की आपण संवेदनशील असल्याचे समाधान तेवढे पदरात पडते?

निवृत्त शिक्षिका, नौपाडा

आधार आहे, पण तो आपल्याला वाटतो तेवढा सरळ नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. विधवाविवाहाला १८५६ मध्येच कायद्याची मान्यता मिळालेली असली, तरी तो कायदा घराचा उंबरठा ओलांडून आत आलेला नव्हता. आपट्यांनी स्वतः उपदेश न करता कादंबरीची नायिका यमू हिलाच तिची हकिगत सांगायला लावली. त्यामुळे तिचे केशवपन होते तेव्हा तो शास्त्रार्थाचा मुद्दा राहत नाही, आठवड्यामागून आठवडा घरात बोलत राहिलेल्या मुलीवर गुदरलेला प्रसंग होतो.

मात्र याचे सगळे श्रेय कादंबरीला देणे मला पटत नाही. पंडिता रमाबाईंचे विधवांना आसरा आणि शिक्षण देणारे शारदा सदन १८८९ मध्ये सुरू झाले होते, मुलींच्या शरीरसंबंधाचे किमान वय वाढवणाऱ्या संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये मोठे वादळ उठले होते आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये शारदा सदनात शिकलेल्या विधवेशी विवाह केला. (आपल्या ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचे, हे जाता जाता.) वाचून अस्वस्थ झालेल्या माणसाला त्या काळी काही करायचे असेल, तर जायला ठिकाण होते. आपल्या गटाला ते ठिकाण सोसायटीच्या सभेतच मिळाले होते. तिथे कोणी तोंड उघडले नाही, याचा दोष बागुलांच्या कथेकडे जात नाही.

सानपाडकर

मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोगही केले आहेत. २०१३ मध्ये किड आणि कॅस्टानो यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले, की दर्जेदार ललित साहित्याचे छोटे उतारे वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याच्या चाचणीत वाचकांना अधिक गुण मिळतात. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. एका बैठकीत कथा वाचून माणूस बदलतो, हा दावा त्यामुळे जपूनच करावा.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो वेझाली आणि सहकाऱ्यांचा इटलीतील प्रयोग. शाळकरी मुलांच्या एका गटाला हॅरी पॉटरमधील भेदभावाचे प्रसंग आणि दुसऱ्या गटाला इतर प्रसंग वाचायला दिले. पहिल्या गटातील ज्या मुलांना हॅरी आपलासा वाटत होता, त्यांचे स्थलांतरितांविषयीचे मत सुधारले. उताऱ्यांवर मुलांशी चर्चा करणे हा त्या प्रयोगाचाच भाग होता. आपल्या बैठकीत कथा संपल्यावर ‘आपल्या इमारतीत त्या तरुणाला खोली मिळाली असती का?’ असे कोणी विचारले का?

घणसोलीचा वाचक

वरील सर्व चर्चा वाचली. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे वाचक हा नेहमी अन्याय न सोसलेला आणि पुस्तकातला माणूस मात्र दयेला पात्र. माझे वडील तुर्भ्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होते. शाळेत असताना मी अण्णाभाऊ साठे यांची १९५९ सालची ‘फकिरा’ वाचली, तेव्हा मला कोणाची दया आली नाही. दुष्काळात माणसे जगवण्यासाठी इंग्रज सरकारशी भिडणारा मांग समाजातील नायक पाहून माझी मान ताठ झाली. आमच्याविषयीची करुणा मी पाठ्यपुस्तकात भरपूर वाचली होती. आमच्यापैकी कोणी निर्णय घेतो आणि गाव त्याच्यामागे उभे राहते, असे मात्र पहिल्यांदाच वाचत होतो.

म्हणून आपल्या गटाला माझी सूचना अशी, की ज्या पुस्तकांत सोसणारा माणूस केवळ सोसत राहतो, त्यांच्यापाशी थांबू नका. तशा पुस्तकावर रडून झाले की वाचकाला आपला वाटा उचलल्यासारखे वाटते आणि लिफ्टचा ठराव बिनबोभाट पास होतो. शिवाय घरकामाला येणाऱ्या बायकांपैकी कोणाला बैठकीला बोलावले होते का, हेही कळवावे.

घोडबंदरवासी

आपणा सर्वांचे आभार. नाही, बोलावले नव्हते, आणि सानपाडकरांनी सुचवलेला प्रश्नही कोणी विचारला नाही. दोन्ही ठरावांचा फेरविचार व्हावा, असा अर्ज मी आजच सचिवांकडे दिला आहे. त्यावर वाचनगटातील तिघांच्या सह्या आहेत. काकूंनी मात्र विचार करून सांगते असे म्हटले आहे. पुढच्या बैठकीसाठी ‘फकिरा’ ठरवली आहे.